हलकं फ्लायव्हील, तगडा क्लच आणि जालना रोडचे सिग्नल : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका दोन सीटच्या जपानी स्पोर्ट्स कारचं आहे. पुढे व्ही-6 पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, ताकद मागच्या चाकांना, टॉर्क साधारण 360 न्यूटन-मीटर. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. मराठवाड्यात अशा गाड्या इतक्या मोजक्या आहेत की नाव लिहिलं की मालक कोण हे लगेच कळेल. मालकांना इथे 'शेठ' म्हणतो, कारण वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना तेच म्हणतात. जालन्यात घरचा सळईचा धंदा, वय चाळिशीच्या आत, गाडी मुंबईहून सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने ती कशी चालवली याची काही नोंद नव्हती.

मराठवाड्यात असल्या गाडीचं काय काम, असं पुण्या-मुंबईचे लोक सहज विचारतात. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या होत्या, हे ते विसरतात. शिवाय वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून आणि शेंद्र्याला स्कोडाचा 2001 पासून आहे. त्यांच्यामुळे या शहरात मोजमापाची शिस्त असलेले हात तयार झाले. टॉर्क रेंच कपाटात ठेवायची वस्तू नसते, हे इथल्या आयटीआयच्या पोराला शिकवावं लागत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सचं काम बघणारे उस्ताद पंचवीसेक वर्षं हेच करत आहेत. इंजिनिअर म्हणून मी हिशोब मांडतो, पण शेवटचा शब्द बहुतेक वेळा त्यांचाच असतो.

अडचण

शेठची तक्रार सरळ होती : "पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही." समृद्धी महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये ताशी 80 ला या गाडीचा आरपीएमचा काटा 2,400 च्या आसपास असायला हवा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की काटा झटकन 3,200 वर जायचा आणि वेग मागून सावकाश यायचा. क्लच स्लिप होण्याचं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारी पकड घसरण्याचं, हे पुस्तकी लक्षण आहे. गावात सिग्नल ते सिग्नल चालवून आल्यावर जळका वास यायचा आणि पेडल अगदी वर आल्यावर क्लच धरायचा.

तक्रारीबरोबर शेठ उपायही घेऊनच आले होते. त्यांनी व्हिडिओ पाहिले होते, मुंबईच्या एका मित्राशी बोलले होते आणि त्यांचं मन ठरलं होतं : सिरॅमिक बटणांची क्लच प्लेट आणि मिळेल तितकं हलकं ॲल्युमिनिअमचं फ्लायव्हील. फ्लायव्हील म्हणजे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाचं जड चाक; क्लच त्यावरच बसतो. कोइंबतूरच्या ट्रॅकवर एकदा गाडी न्यायची त्यांची इच्छा होती आणि इच्छेत खोट काहीच नव्हती.

अशा प्रकरणात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. क्लच स्लिप होणं ही दुरुस्ती आहे. हलकं फ्लायव्हील ही हौस आहे. दोन्ही कामं गिअरबॉक्स उतरवल्यावरच होतात, म्हणून ती एकदम करणं शहाणपणाचं असतं. पण दुरुस्ती निकडीची आहे म्हणून हौसेचा निर्णयही घाईत घ्यायचा, असं होऊ नये. या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा टप्पा तोच होता. गिअरबॉक्स त्या दिवशी उतरवला नाही. शेठना सांगितलं, दोन आठवडे द्या, तोवर पाय हलका ठेवा आणि गाडी कशी चालते याची नोंद ठेवणारं हे छोटं यंत्र ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावून ठेवा.

त्या नोंदीतून जे निघालं ते शेठनाही नवीन होतं. जालना-संभाजीनगर हे साठेक किलोमीटरचं अंतर ते आठवड्यातून दोन-तीनदा कापत. किलोमीटर महामार्गावर पडत होते, पण क्लच वापरला जात होता तो चिकलठाण्यापासून क्रांती चौकापर्यंत. जालना रोडवर सिडको, सेव्हन हिल्स, मोंढा नाका असं करत पुढे जायचं म्हणजे पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. उन्हाळ्यात बाहेर 41-42 अंश, खाली तापलेलं डांबर आणि हाफ क्लचवर रांगणारी गाडी. ट्रॅक या सगळ्यात वर्षातून फार तर एकदा येणार होता.

तपासणी

स्लिपची कारणं एकाहून जास्त असू शकतात. प्लेट झिजलेली असते, क्रँकच्या मागच्या सीलमधून आलेलं तेल प्लेटवर पडलेलं असतं, किंवा हायड्रॉलिकमध्ये दाब अडकून क्लच पूर्ण बसतच नसतो. कारण न शोधता नवी प्लेट बसवली तर ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत जुन्या प्लेटच्याच वाटेने जाते.

क्लचचं तेल काळं पडलं होतं. गिअरबॉक्स उतरवल्यावर बाकीचं दिसलं. प्लेट रिव्हेटपर्यंत आली होती. फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावर निळे डाग होते आणि बोटाच्या नखाला लागतील अशा बारीक उष्णतेच्या भेगा होत्या. स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा भाग, बेल हाऊसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती बसणाऱ्या प्रकारचा, प्लास्टिकच्या शरीराचा. त्याच्या सीलजवळ ओल होती. क्रँकचं सील मात्र कोरडं होतं.

उस्तादांनी फ्लायव्हीलचा पुढचा भाग दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवला. हे ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये कमानीसारख्या स्प्रिंगा. चांगल्या अवस्थेत तो भाग थोडा फिरतो, स्प्रिंग जाणवते आणि सोडला की परत येतो. इथे तो सुरुवातीचं अंतर मोकळाच फिरला आणि 'टक' करून थांबला. कडेने ग्रीसही बाहेर आलं होतं. उस्ताद म्हणाले, "हे मेलं. हे परत बसवलं तं गाडी झटके देत राहीन, अन् सगळे म्हणतीन क्लचच खराब टाकला."

म्हणजे फ्लायव्हील बदलणं आता ऐच्छिक राहिलं नव्हतं. फक्त कोणतं घ्यायचं, एवढाच प्रश्न होता.

हिशोब

पर्यायांकडे जाण्याआधी शेठबरोबर बसून कागदावर तीन हिशोब मांडले. क्लच-फ्लायव्हीलबद्दलची बहुतेक मतं ऐकीव असतात. आकडे समोर आले की बोलणं लवकर शांत होतं.

पहिला हिशोब क्लचचा. क्लच किती टॉर्क पेलतो हे चार गोष्टींवर ठरतं : प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब, घर्षण गुणांक, पकडीची सरासरी त्रिज्या आणि घासणारे पृष्ठभाग. सिंगल प्लेटला पृष्ठभाग दोन. समजा दाब 9,000 न्यूटन, घर्षण गुणांक 0.3 आणि त्रिज्या 104 मिलिमीटर. गुणाकार येतो सुमारे 560 न्यूटन-मीटर. इंजिन 360 देतं, म्हणजे दीडपटीहून जास्त हात राखलेला. पण प्लेट तापली आणि गुणांक 0.2 वर घसरला तर तोच क्लच 375 पर्यंत येतो. राखीव जागा जवळपास संपली. त्यात जरा झीज मिळवली की स्लिप सुरू. थंड गाडी नीट चालते आणि क्रांती चौकातून परत येताना तीच गाडी का घसरते, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. प्रेशर प्लेटचा दाब 30 टक्क्यांनी वाढवला तर तापलेल्या अवस्थेतही 485 च्या वर मिळतात. या इंजिनाला तेवढे भरपूर झाले.

दुसरा हिशोब फ्लायव्हीलचा. जुनं फ्लायव्हील काट्यावर 13 किलो भरलं. त्यातून साडेपाच किलो कमी केले आणि ते वजन मध्यापासून सरासरी साडेदहा सेंटीमीटरवरचं धरलं, तर जडत्व आघूर्णात, म्हणजे फिरण्याची गती बदलायला होणाऱ्या विरोधात, 0.06 किलो-मीटर वर्गाची घट होते. चाकांपर्यंत या घटीचा परिणाम गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाने पोचतो. या गाडीचा पहिला गिअर 3.79, डिफरन्शियल 3.69, दोन्ही मिळून 14. चौदाचा वर्ग 196. मागच्या चाकाची त्रिज्या 33 सेंटीमीटर धरून हिशोब केला की पहिल्या गिअरमध्ये गाडीचं वजन जणू 108 किलोंनी कमी झाल्यासारखा फायदा येतो. सहाव्या गिअरमध्ये गुणोत्तर 2.93, आणि फायदा पाच किलोंच्याही आत.

शेठ या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले. समृद्धीवर ताशी 100 वरून 120 ला जाताना हलक्या फ्लायव्हीलचा उपयोग जवळपास शून्य. इंजिनाची ताकदही त्याने वाढत नाही. फायदा आहे तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आणि गिअर खाली टाकताना इंजिन चटकन रेझ होतं त्यात.

तिसरा हिशोब तोट्याचा होता. गाडी जागेवरून हलवताना फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा मदत करते. 1,200 आरपीएमला क्लच सोडला तर या 0.06 च्या घटीमुळे सुमारे 470 जूल कमी हाती येतात. चालकासह साडेपंधराशे किलोची गाडी ताशी 3.6 किलोमीटरवर, म्हणजे माणसाच्या चालीवर आणायला लागतात 775 जूल. तेव्हा प्रत्येक सिग्नलला जी मदत फुकट मिळत होती, ती आता ॲक्सिलरेटरवरच्या पायाने द्यायची. जात्याची वरची पाळी जड असते म्हणून घास अडकला तरी हात थांबत नाही; तिचं वजन कमी केलं की दळणाऱ्याला जास्त लक्ष द्यावं लागतं.

पर्याय

सर्वांत सरळ पर्याय म्हणजे कंपनीचाच क्लच आणि कंपनीचंच नवं ड्युअल मास फ्लायव्हील. आवाज नाही, झटका नाही, आधीसारखी गाडी. हा पर्याय कमी दर्जाचा समजायचं काही कारण नाही. ड्युअल मास फ्लायव्हील 1985 च्या सुमारास उत्पादनात आलं ते इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून. चार स्ट्रोकच्या व्ही-6 मध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट होतात. 700 आरपीएमच्या आयडलिंगला म्हणजे सेकंदाला 35 धक्के. ते गिळायचं काम त्या स्प्रिंगा करतात.

दुसरा पर्याय वाळूजच्या एका ओळखीच्या जॉब-शॉपकडून आला : "जुनंच द्या, लेथवर उतरवून देतो." ड्युअल मासला हे लागूच पडत नाही, आत स्प्रिंगा आणि ग्रीस आहे, बाहेरून माल काढायला जागा नाही. पण साध्या बिडाच्या फ्लायव्हीलवर हा प्रकार आपल्याकडे सर्रास होतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. फ्लायव्हीलची कड मध्यापासून 14 सेंटीमीटरवर धरली तर 7,500 आरपीएमला तिचा वेग सेकंदाला 110 मीटर असतो, म्हणजे ताशी जवळपास 395 किलोमीटर. बिडाच्या फिरणाऱ्या नुसत्या कड्यात त्या वेगाला सुमारे 87 मेगापास्कल ताण येतो. एफजी-200 दर्जाचं बीड तुटतं 200 ला. कागदावर दुप्पट सुरक्षितता दिसते. पण बोल्टच्या भोकांशी ताण कितीतरी वाढतो, ओतकामात पोकळ्या असतात आणि क्लचच्या उष्णतेने आधीच भेगा पडलेल्या असतात. बीड वाकून इशारा देत नाही, सरळ फुटतं, आणि फुटलं की बेल हाऊसिंग फोडून तुकडे चालकाच्या पायांकडे येतात. पातळ केलेलं बीड कोणत्याही गाडीत बसवू नये. खर्च वाचतो, हौस भागते, मित्राने केलंय, यातलं एकही कारण त्यापुढे टिकत नाही.

तिसरा पर्यायही वाळूजचाच, पण विचार करण्यासारखा : ईएन-24 या मजबूत पोलादाच्या फोर्ज केलेल्या गोळ्यातून नवं फ्लायव्हील कापून घेणं. माल उत्तम, मशीन उत्तम, माणसं उत्तम. अडलं ते ड्रॉइंगपाशी. क्रँकच्या बोल्टांची जागा आणि मधल्या भोकाचं माप उतरवता येतं. पण घासणाऱ्या पृष्ठभागाची उंची, उष्णतेची प्रक्रिया आणि जास्त आरपीएमवर फिरवून घेतलेली चाचणी यांशिवाय तो नुसता सुंदर जॉब आहे. एकाच नगासाठी ती चाचणी कोणी करून देत नव्हतं. आयात केलेल्या चांगल्या फ्लायव्हीलवर एसएफआय 1.1 या सुरक्षा मानकाचा शिक्का असतो तो याच कारणासाठी.

चौथा पर्याय शेठच्या मनातला : पाच किलोंच्या आसपासचं ॲल्युमिनिअमचं, घासणाऱ्या जागी पोलादी चकती बसवलेलं फ्लायव्हील आणि सोबत सिरॅमिक बटणांची प्लेट. ट्रॅकवर हा संच खरोखर छान चालतो. सिरॅमिक तापल्यावरही पकड सोडत नाही. पण ते धरतं किंवा सोडतं, मधलं काही नाही. हाफ क्लचवर रांगायची सोय संपते आणि गाडी थरथरत निघते.

पाचवा पर्याय मधला : क्रोम-मॉली पोलादाचं साडेसात किलोंचं सिंगल मास, म्हणजे आत स्प्रिंगा नसलेलं एकसंध फ्लायव्हील, 30 टक्के जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक अस्तराची प्लेट. या प्लेटच्या मध्यात स्प्रिंगा असायलाच हव्यात. ड्युअल मासबरोबर येणाऱ्या बऱ्याच प्लेटांचा मध्य घट्ट असतो, कारण धक्के गिळायचं काम फ्लायव्हील करत असतं. फ्लायव्हील सिंगल मास घ्यायचं आणि प्लेट जुन्याच जातीची ठेवायची, हा घोळ ऑनलाइन सुटे भाग मागवणाऱ्यांकडून फार होतो. मग धक्का गिळायला मध्ये कोणीच उरत नाही.

निर्णय

माझं मत पहिल्या पर्यायाकडे झुकत होतं. नोंदीतून जो वापर दिसत होता, त्याला कंपनीचंच फ्लायव्हील सर्वांत योग्य होतं, आणि ते शेठना स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोयीसाठी घरी दुसरी गाडी आहे. ही मी चालवायच्या मजेसाठी घेतली. पण तुम्ही म्हणता ते खरंय, सिरॅमिकचं डोक्यातून काढतो."

उस्तादांनी एकच अट घातली : "शेठ, पाय तुमचा हाये, गिअरबॉक्स माझ्या अंगावर येतो. न्यूट्रलला आवाज येईन, त्याला रोग म्हणून परत आणायचं नाही."

पाचवा पर्याय ठरला. मालकाने फायदे-तोटे समजून घेऊन हौस निवडली तर ती हौस नीट पुरी करून देणं हे वर्कशॉपचं काम आहे, असं मी मानतो. न्यूट्रलला गिअरबॉक्समध्ये खडखड येईल, ती क्लच दाबल्यावर थांबेल, सुरुवातीला गाडी बंद पडेल, पेडल जड लागेल, एवढं एका कागदावर मराठीत लिहून त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवायला सांगितला.

काम

संच आल्यावर लगेच बसवला नाही. आधी तो वाळूजला बॅलन्सिंगला नेला. फ्लायव्हील एकटं आणि मग प्रेशर प्लेट बोल्ट करून, असं दोनदा बघितलं. कुठल्या बोल्टासमोर कुठलं भोक, याची खूण पंचने केली. या इंजिनाचा क्रँक स्वतःच समतोल आहे, म्हणून फ्लायव्हीलचा समतोल शून्याकडे आणायचा. काही इंजिनांत क्रँकचा समतोल फ्लायव्हीलवरच्या वजनाने साधलेला असतो. तिथे हेच केलं तर उलट थरथर लागेल. हे आधी बघावं लागतं.

मग उंचीचं मोजमाप. जुना संच एकत्र बसवून इंजिनाच्या मागच्या पृष्ठभागापासून प्रेशर प्लेटच्या बोटांपर्यंतचं (स्लेव्ह ज्या पात्यांना ढकलतो त्यांच्यापर्यंतचं) अंतर घेतलं, नव्याचंही घेतलं. नव्याची बोटं अडीच मिलिमीटर पुढे इंजिनाकडे होती. स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन तेवढा जास्त बाहेर राहिला असता आणि पेडल पूर्ण दाबलं की त्याची हद्द संपायच्या जवळ आला असता. संचाबरोबर आलेली चकती स्लेव्हखाली घालून हे अंतर भरून काढलं. पेट्यांमध्ये या चकत्या पॅकिंगचा भाग समजून फेकून दिल्या जातात. मोजलं नसतं तर ती का दिली आहे हे कळलंच नसतं.

स्लेव्ह सिलिंडर ॲल्युमिनिअमच्या शरीराचा घेतला. जास्त दाबाची प्रेशर प्लेट म्हणजे प्रत्येक वेळी जास्त हायड्रॉलिक दाब, आणि तो भाग बदलायला पुन्हा सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. कोरडं असूनही क्रँकचं सील आणि पायलट बेअरिंग त्याच कारणाने नवं टाकलं. क्लचचं तेल डॉट-4, ताजं असताना ते किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. एक्झॉस्टच्या शेजारून जाणाऱ्या लाइनसाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, चांदणीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने. गंज लागू नये म्हणून कारखान्यात लावलेला तेलाचा थर ब्रेक क्लीनरने दोनदा पुसला. मग फिरताना पृष्ठभाग किती डगमगतो हे दाखवणारं डायल गेज लावलं. उस्ताद क्रँक हाताने सावकाश फिरवत होते आणि मी काटा बघत होतो. पहिल्या फेरीत 0.14 मिलिमीटर आलं. आम्ही 0.10 च्या वर जाऊ देत नाही. उस्तादांनी काही न बोलता आठही बोल्ट परत सोडले, फ्लायव्हील काढलं आणि क्रँकच्या तोंडावरून करंगळी फिरवली. एका डॉवेलशेजारी (जागा पक्की करणाऱ्या खुंटीशेजारी) जुन्या लॉकिंग द्रावाचा वाळलेला कण होता, तिळाएवढाही नाही. दगडाने घासून, पुसून पुन्हा बसवलं : 0.04. तो कण तसाच राहिला असता तर पेडलमध्ये कायमची थरथर लागली असती आणि दोष नव्या फ्लायव्हीलवर गेला असता.

स्प्लाइनवर, म्हणजे प्लेट ज्या दात्यांवर सरकते त्यांवर, ग्रीस अगदी पुसट लावलं. ते जास्त झालं की फिरताना उडून प्लेटवर जातं. गिअर ऑइल हँडबुकात सांगितलेलं जीएल-4 दर्जाचंच.

पहिले दोन आठवडे

ऑरगॅनिक प्लेटला बसायला वेळ लागतो. 800 किलोमीटर गावातलं साधं चालवणं, पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, झटक्याने निघणं नाही, असं सांगितलं होतं. शेठनी ते पाळलं. त्रास मात्र झाला.

मोंढा नाक्याच्या सिग्नलला गाडी बंद पडायची. मागून हॉर्न, पुढे रिक्षा. वडिलांना घेऊन जाताना त्यांनी न्यूट्रलची खडखड ऐकली आणि विचारलं, "इंजिनात काही सुटलंय का रे?" शेठचा फोन आला तेव्हा आवाजात नाराजी होती. सही केलेला कागद त्यांच्याकडे होता, पण कागदावर वाचलेली खडखड आणि वडील शेजारी बसलेले असताना ऐकलेली खडखड यांत फरक आहे, हे मला मान्य आहे.

त्याच आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला. कोड होता पी0300, म्हणजे ठरावीक एका नव्हे, तर वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, स्फोट नीट न होणं. इथे अनेक वर्कशॉप प्लग, कॉइल, इंजेक्टर बदलत सुटतात. आम्ही आधी विचार केला की कॉम्प्युटरला मिसफायर कळतो कसा. क्रँकची गती प्रत्येक स्फोटानंतर किती वर-खाली होते त्यावरून. फ्लायव्हील हलकं झालं की ही वर-खाली वाढतेच, आणि कमी आरपीएमवर कॉम्प्युटरला ती मिसफायरसारखी वाटू शकते. तरी खात्री म्हणून प्लग काढून बघितले, सहाही सारखे, फिक्या तपकिरी रंगाचे. मग इसीयूमध्ये, म्हणजे त्याच कॉम्प्युटरमध्ये, आयडलिंग 650 वरून 800 केलं. दिवा पुन्हा लागला नाही, खडखड निम्म्याने कमी झाली आणि गाडी बंद पडणंही जवळपास थांबलं.

निकाल

आता वर्ष होत आलं. स्लिप पूर्ण गेली. मे महिन्यात शेठ कन्नडच्या औट्रम घाटात चढावर अडकले होते. गाडी पुन:पुन्हा थांबवून-निघवून वर आली, वास आला नाही, पेडलही खाली गेलं नाही. त्याआधीचा क्लच तिथे टिकला नसता.

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चपळ झाली आणि गिअर खाली टाकताना इंजिन पायाबरोबर येतं, हे शेठ आनंदाने सांगतात. पाचव्या-सहाव्यात फरक नाही, हिशोबाने सांगितलं होतं तसंच. पेट्रोलच्या ॲव्हरेजमध्येही शेठना फरक दिसला नाही. पेडल जड आहे. शेठच्या भावाने एकदा चालवली आणि किल्ली परत दिली. गरम गाडीत न्यूट्रलला खडखड अजून येते आणि येत राहील. कोइंबतूरचा बेत अजून बेतच आहे. या सगळ्यांत मला समाधान याचं आहे की शेठना कुठल्याच गोष्टीचं नवल वाटत नाही.

वेगळं काय करता येईल

सर्वांत पहिली गोष्ट, कागदावर सही घेण्याआधी तसंच फ्लायव्हील असलेली गाडी मालकाला अर्धा तास चालवायला द्यावी. मराठवाड्यात तशी गाडी मिळणं अवघड आहे, पण पुण्याला एक चक्कर साडेतीन लाखांच्या आसपासच्या खर्चापुढे काहीच नाही. खडखड ऐकून घेतल्यावर निम्मे लोक कंपनीचं फ्लायव्हील घेतील, आणि ते योग्यच होईल.

दुसरं, आयडलिंग वाढवण्याचं काम गाडी देण्याआधीच करावं. कोडची वाट बघायची गरज नाही. ज्या गाडीच्या इसीयूमध्ये आयडलिंग बदलता येत नाही, तिथे सिंगल मासचा विचारच जपून करावा. आज असंच प्रकरण आलं तर हा प्रश्न मी फ्लायव्हीलची किंमत विचारण्याआधी विचारीन.

तिसरं वजनाबद्दल. साडेसातऐवजी नऊ-दहा किलोंचं सिंगल मास मिळत असेल तर गावात चालणाऱ्या गाडीला ते जास्त सोयीचं. हिशोब तोच वापरायचा : तीन किलोंची घट म्हणजे पहिल्या गिअरमध्ये साठेक किलोंचा फायदा, आणि सिग्नलला गमावलेले जूलही त्याच प्रमाणात कमी. शेठच्या गाडीसाठी त्या वजनाचा संच तेव्हा उपलब्ध नव्हता.

चौथं, चालकाचं शिक्षण. नवा क्लच बसवून किल्ली हातात देणं पुरेसं नाही. उस्तादांनी शेठच्या शेजारी बसून चिकलठाणा ते क्रांती चौक एक फेरी मारली ती दुसऱ्या आठवड्यात, तक्रार आल्यावर. सिग्नलला न्यूट्रल करून पाय पेडलवरून पूर्ण काढायचा, निघताना 1,500 पर्यंत इंजिन आणून मग क्लच एका दमात सोडायचा, रांगेत दोन फूट जागा झाली की लगेच पुढे सरकायचं नाही. एवढ्या तीन सवयींनी उरलंसुरलं बंद पडणंही थांबलं. ही फेरी आता आम्ही गाडी देण्याच्या दिवशीच मारतो आणि ती मजुरीत धरतो.

जुनी प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील भंगारात दिलं नाही. नव्या संचाचा भाग क्रमांक, बॅलन्सिंगची चिठ्ठी, डायल गेजचा आकडा आणि स्लेव्हखाली घातलेल्या चकतीची जाडी एका कागदावर लिहून तो हँडबुकच्या कव्हरमध्ये ठेवला आहे. उद्या गाडी विकली किंवा दुसऱ्या गावात कोणी गिअरबॉक्स उतरवला, तर त्याला ती चकती का आहे हे कळायला हवं. शेठनी नवं ड्युअल मास फ्लायव्हील कितीला पडेल याची चौकशी मध्यंतरी केली होती. वडिलांसोबत प्रवास वाढला तर बदलू म्हणाले, आणि आम्ही दर काढून दिला आहे.